ऑकलंड ते कोरीट, तेहतीस तास

कोरीट, ता. नंदुरबार
९ फेब्रुवारी २०२५

चि. चेतना हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. घरोघरी फोन असताना आबा कागद घेऊन बसले. पण फोनवर मी करू काय? दिवाळीत सुरतेला ऑपरेशन झालं तेव्हापासून गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसता वारा निघतो. तू तिकडून 'आबा, आबा' करतेस, मी इकडे मान हलवतो आणि तुझी आई फोन उलटा धरून तुला छताचा पत्रा दाखवते. त्यापेक्षा हे बरं. मी लिहीन, आपल्या दिनेशची बायको स्वप्नाली फोटो काढून पाठवेल. तूही कागदावरच लिहून पाठव. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो.

बत्तीस वर्षं नंदुरबारच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा माइकवर ओरडलो, आता घरात पाटीवर लिहितो. तुझ्या आईला अक्षर येत नाही. ती पाटी घेते, सुलटी-उलटी करते आणि स्वप्नाली शेतातून येईपर्यंत पुसली जाऊ नये म्हणून कपाटावर ठेवते. मग कळतं की मला पाणी हवं होतं.

मुद्द्याचं लिहितो. रेवा पाच वर्षांची झाली. तिला आम्ही फक्त काचेतून पाहिलं आहे. ऑकलंड ते मुंबई सरळ अंतर बारा हजार तीनशे किलोमीटर. थेट विमान नाही, सिंगापूरला बदलावं लागतं, पण सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे, वळसा पडत नाही. अंतर आणि वेळ यांचा फारसा संबंध नसतो हे मला धडगावच्या फेऱ्यांनी शिकवलं. नकाशावर बोटभर, घाटात तीन तास. त्या मानानं तुमचं विमान बरं.

एप्रिलात दोघी या. जावईबापूंना सुट्टी नसेल तर नसू दे.

तुझे
आबा


ऑकलंड
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं अक्षर पाहिलं आणि स्वयंपाक तसाच टाकून बसले. अजून 'र' तसाच काढता, रजिस्टरात काढायचात तसा.

आबा, एप्रिलात अवघड आहे. इथं शाळेला दोनच आठवड्यांची सुट्टी असते आणि मी नवीन कामाला लागले आहे, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. लगेच रजा मागता येत नाही. भूपेशचंही काम वाढलं आहे. तो बरा आहे. रेवाला वाचता यायला लागलं. तुमचं पत्र तिनं हातात घेतलं आणि विचारलं, 'हे कुणी ड्रॉ केलं?' मी म्हटलं, माझ्या आबांनी. म्हणाली, 'मग ते बोलत का नाहीत?' मी सांगितलं, बोलून बोलून थकलेत.

पुढच्या वर्षी नक्की जमवू. आईला सांगा, मी नीट जेवते.

तुमची
चेतना


कोरीट
२ मार्च २०२५

चि. चेतना,

महाशिवरात्रीला तू स्वप्नालीच्या फोनवर दिसलीस. खोलीत एकच पलंग होता. रेवा म्हणाली, 'हे मम्माचं घर, पप्पाचं घर दुसरं.' तू पटकन फोन फिरवलास. तुझ्या आईला काही उमगलं नाही. मला उमगलं. माझा गळा गेला आहे, डोळे नाहीत.

आम्हाला सांगितलं नाहीस त्याचा राग नंतर करीन. आता मी लिहितो तसं कर. रेवाला घे आणि ये. भूपेशला सांगू नकोस, त्याच्या घरच्यांनाही नाही. फक्त एक-एक बॅग घे, जास्त सामान दिसलं की लोक विचारतात. वेळापत्रक असं:

विमानतळावर तीन तास आधी. ऑकलंड ते सिंगापूर पावणेअकरा तास. सिंगापूरला चार तास थांबा. सिंगापूर ते मुंबई साडेपाच तास. बाहेर पडायला दीड तास. दिनेश गाडी घेऊन उभा राहील. मुंबई ते कोरीट सव्वाआठ तास, रस्त्यात एकदा चहा. एकूण तेहतीस तास. त्यातले हवेत सव्वासोळा, जमिनीवर पावणेसतरा.

नंदुरबारच्या वकिलांना पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, पोर एकदा भारतात उतरली की तिकडचं कोर्ट तिला सहजासहजी परत नेऊ शकत नाही. इथं शाळा आहे, घर आहे. तू कधी येणार म्हणून तुझी आई रोज विचारते, 'पोर कवय ई ऱ्हायनी?' मी तिला काय सांगू आणि कशानं सांगू?

तेहतीस तास आहेत, चेतना. तेहतीस वर्षं नाहीत. मनात असेल तो येतो.

आबा


ऑकलंड
९ मार्च २०२५

तीर्थरूप आबा,

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

आम्ही ऑक्टोबरपासून वेगळे राहतो. तुमच्या ऑपरेशनच्या तारखा चालल्या होत्या, म्हणून बोलले नाही. भूपेशनं हात उगारला नाही कधी, खोटं कशाला सांगू. पण बोलणं बंद झालं, मग घरात असणंच बंद झालं, आणि एक दिवस त्यानं म्हटलं की आता त्याला एकट्यानं राहायचं आहे. एकट्यानं म्हणजे रेवाला धरून.

डिसेंबरात कोर्टात गेलो. रेवा सध्या माझ्याकडे असते, शनिवार-रविवार त्याच्याकडे. पण पहिल्याच दिवशी त्याच्या वकिलानं रेवाचं नाव विमानतळाच्या यादीत घालून घेतलं. मुलं परत पाठवण्याचा देशादेशांमध्ये एक करार आहे, त्यात भारत नाही. तुमच्या नंदुरबारच्या वकिलांना जे ठाऊक आहे ते इथल्या वकिलांनाही ठाऊक आहे. मी तिला घेऊन काउंटरवर उभी राहिले की तिथेच थांबवतील. मी एकटी कधीही येऊ शकते. तिला घेऊन तेहतीस तासांतच काय, कधीच येऊ शकत नाही.

आणि एकटी आले तर तो म्हणेल, बघा, पोर टाकून गेली. निकाल ऑगस्टात आहे. तोवर मला इथून हलायचं नाही.

तुमचं पत्र मी एक दिवसभर उराशी धरून फिरले. खरं सांगते, बॅगही काढली होती. मग परत ठेवली. असं पुन्हा लिहू नका, आबा. रागावूनही लिहू नका. मनात आहे म्हणूनच येत नाही.

चेतना


कोरीट
१५ मार्च २०२५

चि. चेतनास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मी चुकलो. निकालापर्यंत जागची हलू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे, वजन दोन किलोंनी वाढलं. तुझ्या आईला सांगितलं आहे की रेवाची शाळा बुडते म्हणून येत नाही. तिनं मान डोलावली. शाळेचं कारण तिला नेहमीच मोठं वाटतं.

आबा


कोरीट
३ जून २०२५

चेतनाताई,

मी स्वप्नाली. हे पत्र आबांना न दाखवता लिहिते आहे. त्यांना कळलं तर माझ्याशी अबोला धरतील, आणि त्यांचा अबोला फार वाईट, पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवतात.

आबांचं वजन वाढलेलं नाही. तुम्हाला खोटं लिहिलं. एप्रिलपासून गळ्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसते आहे. परवा आमचे हे त्यांना सुरतेला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, दीड महिना धरा, फार तर दोन. जेवण नळीतून चालू केलं आहे. मोठ्या आईला, तुमच्या आईला, सांगितलं नाही, पण ती नळी धुते, तिला कळतंच असणार.

आबांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं की तुम्हाला सांगायचं नाही. मी कबूल झाले, पण झोप लागत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी वीस मैलांवर होते आणि मला उशिरा कळवलं. तुमच्या बाबतीत ते पाप मला नको. पुढचं तुम्ही ठरवा.

स्वप्नाली


ऑकलंड
९ जून २०२५

स्वप्नाली,

तुझे उपकार फेडता येणार नाहीत.

मी येते. तेरा तारखेला निघते, चोवीसला इथं परत. भूपेशशी बोलले. मला वाटलं नाही म्हणेल, पण तो लगेच म्हणाला, 'वडील आहेत, जा, रेवाला मी सांभाळतो.' त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. माझ्या वकीलबाई म्हणतात, जाऊ नका. मी म्हटलं, तुमचे वडील आहेत का?

आबांना सांगू नकोस. नाही तर येऊ नको म्हणून कागद पाठवतील आणि मी तो वाचला की निघणार नाही.

चेतना


कोरीट
६ जुलै २०२५

चि. चेतनास अनेक आशीर्वाद.

तुला जाऊन चौदा दिवस झाले, पोहोचल्याचं पत्र नाही. स्वप्नाली म्हणते, फोनवर 'पोहोचले' एवढा एक शब्द आला होता. कामात असशील.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी पाटीवर काय लिहिलं ते तुला आठवत असेल. 'कशाला आलीस?' तू वाचलंस आणि हसलीस. मी रागानंच लिहिलं होतं. रात्री तू माझ्या नळीत पेज घातलीस, जरा घाईनंच. तुझी आई म्हणाली, 'सावकाश, लेकरू शे ते.' मला लेकरू म्हणाली. मग मला पाटी उचलावीशी वाटली नाही.

आठ दिवस तू इथं होतीस. तू ओट्यावर माझी दाढी केलीस. तापीवर घेऊन गेलीस. रेवाचा आवाज फोनमधून माझ्या कानाला लावलास. ती 'हॅलो, आबा' म्हणाली आणि मी ओठ हलवले. तिला काही ऐकू गेलं नसेल.

आता मरायला माझी हरकत नाही. असं मनुष्याला क्वचित म्हणता येतं. निकालाचं काय ते कळव.

आबा


ऑकलंड
१७ ऑगस्ट २०२५

स्वप्नाली,

हे फक्त तुला. आबांना वाचून दाखवू नकोस.

मी चोवीस जूनला उतरले आणि तडक रेवाला आणायला गेले. भूपेशनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही. म्हणाला, 'वकिलाशी बोल.'

मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं अर्ज टाकला होता. अर्जाला आबांचं पत्र जोडलं होतं. मार्चमधलं. रेवा गाणी बघते तो जुना टॅब त्याच्या घरी असतो, त्यावर माझा नंबर चालूच राहिला होता. तू पाठवलेले सगळे फोटो त्याच्याकडे पोहोचत होते. मला भानच नव्हतं.

कोर्टात ते इंग्रजीत वाचलं गेलं. 'रेवाला घे आणि ये. भूपेशला सांगू नकोस. एक-एक बॅग घे.' मग तास आणि मिनिटं. तीन तास आधी. सिंगापूरला चार तास. गाडी घेऊन माणूस उभा राहील. तिकडचं कोर्ट परत नेऊ शकत नाही. आबांना दुसरं काही येत नाही ग, त्यांची माया वेळापत्रकातूनच बाहेर पडते. पण परक्या भाषेत तो पळवून नेण्याचा बेत वाटला. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, 'हे वाचून तुम्ही काय केलंत?' मी शपथेवर होते. मी सांगितलं, बॅग काढली आणि परत ठेवली. त्यांनी 'काढली' एवढंच लिहून घेतलं असं मला वाटलं. तुझं जूनचं पत्रही त्यांच्यापुढे होतं, पण त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. भूपेशचा वकील म्हणाला, बाईची मुळं तिकडे आहेत, या वेळी एकट्या जाऊन तयारी करून आल्या.

रेवा आता भूपेशकडे राहते. मी तिला बुधवारी आणि शनिवारी भेटते, चार ते सहा, एका केंद्रात. कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसते. निकाल पुढच्या वर्षावर गेला.

भूपेश वाईट नाही. तो घाबरला. तो घाबरला ते अगदीच खोटं नव्हतं, हे मला माहीत आहे. तेच मला जगू देत नाही.

आबा कसे आहेत? दोन महिने होऊन गेले.

चेतना


कोरीट
२ नोव्हेंबर २०२५

चेतना,

स्वप्नालीवर रागावू नकोस. मीच तिच्याकडून पत्र काढून घेतलं. दोन महिने ती माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

डॉक्टरांनी दिलेली मुदत ऑगस्टात संपली. मी अजून आहे. परवा ते म्हणाले, गाठ वाढायची थांबली आहे, असं होतं कधी कधी. तुझ्या आईनं देवीपुढे नारळ फोडला. मी खोबरं खाऊ शकत नाही, पण खाऊ शकत असतो तरी ते घशाखाली उतरलं नसतं.

मी वेळेवर गेलो असतो तर तुझं येणं कारणी लागलं असतं. बाप मरत होता म्हणून गेले, असं तुला कोणालाही सांगता आलं असतं. आता काय सांगशील? बाप तर जिवंत आहे.

सोबत एक कागद आहे. 'मा. न्यायाधीश साहेब यांस' असा मायना आहे. त्यात लिहिलं आहे की ते वेळापत्रक माझं, बेत माझा, मुलीचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर मला द्यावी. खाली सही आणि अंगठा दोन्ही आहेत. इंग्रजी करून दे त्यांना.

आबा


ऑकलंड
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबा,

तुमचा कागद वकीलबाईंनी वाचून घेतला. म्हणाल्या, हा देऊ नका. यात बेत होता हे कबूल केल्यासारखं होतं. मी तो माझ्याजवळ ठेवला आहे.

तुम्ही जिवंत आहात म्हणून माझी माफी मागता, आबा? असं करू नका. माझ्याकडे आता मोजकी माणसं उरली आहेत.

रेवा बरी आहे. मागच्या बुधवारी मी तिला जवळ घेऊन अहिराणीत काही बोलले, आई बोलते तसं. वहीवाल्या बाईंनी सांगितलं, इंग्रजीत बोला, मला समजलं पाहिजे. शनिवारी मी पुन्हा तसंच बोलले तर रेवानंच माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची आहे. तिला कळतं.

आता मला येताना कोणी अडवत नाही. सोडून जाण्यासारखं माझ्याकडे काही नाही. म्हणून मी हिशेब मांडला. शनिवारी संध्याकाळी सहापासून बुधवारी चारपर्यंत चौऱ्याण्णव तास होतात. तुमचे जायचे तेहतीस, यायचे तेहतीस. अठ्ठावीस उरतात. म्हणजे एक दिवस आणि वर चार तास मी तुमच्याजवळ बसू शकते. एखादं विमान उशिरा सुटलं तर बुधवार चुकेल, आणि चुकलेली भेट वहीत लागते. तरी सांगा. तुम्ही हो म्हटलं तर मी निघते.

तुमची
चेतना


कोरीट
३० नोव्हेंबर २०२५

चि. चेतनास आशीर्वाद.

हिशेब तपासला. बरोबर आहे. पण सिंगापूरला पाऊस, मुंबईला धुकं, कसाऱ्याला ट्रक आडवा, यांतलं एक जरी झालं तरी तुझा बुधवार गेला. अशी फेरी मी कधी मंजूर केली नसती.

येऊ नकोस. आता नाही आणि मी गेल्यावरही नाही. माझ्यासाठी तू एकदा आलीस, त्याची किंमत रेवानं दिली. तुझ्या आईला मी खुणांनी सगळं सांगितलं. किती समजलं माहीत नाही. पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली होती.

बुधवारी जा. शनिवारी जा. तोंडावर हात ठेवला तर ठेवू दे, तिच्या हाताचा वास तरी मिळतो.

आबा


कोरीट
१० डिसेंबर २०२५, बुधवार

चेतनाताई,

आबा काल मंगळवारी दुपारी गेले. गाठीनं नाही, श्वास कोंडला. मोठी आई जवळ होती. तिनं गळ्याचं भोक साफ करून पाहिलं, छाती चोळली, मला हाका मारल्या. मी पोहोचले तेव्हा संपलं होतं. सूर्य मावळायच्या आत तापीकाठी सगळं झालं, ह्यांनी अग्नी दिला.

तुम्हाला कालच कळवायला हवं होतं. दहा वेळा फोन हातात घेतला. पण मागच्या आठवड्यात आबांनी मला देवापुढे बसवून पाटीवर लिहून दिलं होतं की मी कोणत्याही वारी गेलो तरी तिची भेट होऊन गेल्यावरच कळव, रडलेलं तोंड घेऊन ती त्या वहीवाल्या बाईसमोर जायला नको. या वेळी मी त्यांचं ऐकलं. आत्ता इथं सकाळचे अकरा वाजले आहेत, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा झाले असतील, म्हणून लिहायला बसले. चुकलं असेल तर मला माफ करा.

गावातल्या बाया येऊन रडून जातात. मोठी आई रडत नाही. ओट्यावर बसली आहे. मला कागद घेताना पाहून म्हणाली, "चेतनाले लिखी ऱ्हायनी का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तिले ईचार, आज रेवा भेटनी का?"

स्वप्नाली